नव्या घराची ड्रायवॉल: भिंत झाकण्याआधीपासून अकराव्या महिन्यापर्यंत काय आणि कसं तपासायचं

आई पहिल्यांदा आमच्याकडे आली तो डिसेंबर होता. डॅलसच्या उत्तरेला घेतलेल्या नव्या घरात राहायला येऊन आम्हाला जेमतेम सहा महिने झाले होते. संध्याकाळी साडेचारच्या सुमारास मागच्या मोठ्या खिडकीतून ऊन आडवं आत येतं. ती सोफ्यावर चहा घेत होती. वर बघून म्हणाली, "अगं, तुझ्या छताला पुटकुळ्या आल्यात."

मी मान वर केली. मसुरीच्या दाण्याएवढे फुगवटे, एका सरळ रेषेत, ठरावीक अंतरावर. खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून निघालेली केसासारखी एक तिरकी रेघही त्या उन्हात दिसली. घर ताब्यात घेताना याच खोलीत आम्ही वीस मिनिटं उभे होतो. पण तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते, छतातले सगळे दिवे लावलेले होते आणि भिंती अगदी गुळगुळीत दिसत होत्या.

त्यानंतर मी या विषयाच्या मागे लागले. ओळखीच्या सात-आठ कुटुंबांच्या नव्या घरांतून टॉर्च घेऊन फिरले. एक गोष्ट सगळीकडे दिसली. ड्रायवॉलचा, म्हणजे भिंतीला आणि छताला आतून लावलेल्या जिप्समच्या बोर्डाचा, दोष म्हणून आपण जे दाखवतो, त्यातलं फार थोडं त्या बोर्डाचं असतं. बाकीचं मागच्या लाकडाचं, पाण्याचं, नाहीतर घाईचं असतं. काही दोष असे असतात की थांबलात तर तुमचाच फायदा. काहींच्या बाबतीत एक दिवसही थांबू नये. हा फरक ओळखता आला की बिल्डरशी बोलणं सोपं होतं. टेक्सस, नॉर्थ कॅरोलायना, न्यू जर्सी अशा ठिकाणी नवं घर बांधून घेणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

आधी भिंतीच्या आत काय आहे ते

पुण्या-साताऱ्याकडच्या विटांच्या भिंतीत वाढलेल्या माणसाला इथली भिंत टकटक करून पाहिली की पोकळ आवाजाने धसका बसतो. धसका घेण्यासारखं त्यात काही नाही. लाकडाचे उभे स्टड साधारण १६ इंचांवर (काही ठिकाणी २४ इंचांवर) उभे करतात आणि त्यांच्यावर जिप्समचे बोर्ड स्क्रूने बसवतात. बोर्ड ४ फूट रुंद आणि ८ ते १२ फूट लांब असतो. जाडी बहुधा अर्धा इंच, काही जागी ५/८ इंच. आत जिप्समचा गाभा, दोन्ही बाजूंना कागद. जिप्सममध्ये वजनाच्या सुमारे २१ टक्के पाणी रासायनिक रूपात बांधलेलं असतं. आग लागली की ते वाफ होऊन बाहेर पडतं आणि मागच्या लाकडाला वेळ मिळवून देतं. हा त्या बोर्डाचा मोठा गुण. कागद हा त्याचा कच्चा दुवा, कारण तो ओला राहिला की बुरशीला आयतं खाद्य मिळतं.

दोन बोर्डांच्या सांध्यावर कागदी टेप आणि मड लावतात. मड म्हणजे जॉइंट कंपाउंड, श्रीखंडाएवढं दाट. तीन हात दिले जातात आणि प्रत्येक हात पूर्ण वाळल्यावरच पुढचा द्यायचा असतो. मग घासकाम, प्रायमर आणि रंग.

आता लाकडाबद्दल. स्टडवर 'एस-ड्राय' किंवा 'केडी-१९' असा शिक्का असतो. याचा अर्थ शिक्का मारताना त्यात १९ टक्क्यांपर्यंत ओलावा असू शकतो. एसी आणि हीटर चालणाऱ्या घरात तेच लाकूड वर्षभरात त्याच्या निम्म्याच्या आसपास येतं. वाळताना लाकूड लांबीला जवळपास आटत नाही, रुंदीला आटतं. स्क्रूचं टोक स्टडमध्ये खोल रुतलेलं असतं, ते तिथेच राहतं. स्टडचा पृष्ठभाग मात्र आटून मागे सरकतो. बोर्ड आणि स्टड यांच्यात बारीक फट पडते. मग कुणी भिंतीला टेकलं किंवा दार आपटलं, की बोर्ड मागे दबतो आणि स्क्रूचं डोकं मडचा पापुद्रा वर उचलतं. आईला दिसलेली पुटकुळी ती हीच. इथे तिला नेल पॉप म्हणतात. स्क्रू जितका लांब, तितकी पुटकुळी मोठी. म्हणून अर्ध्या इंचाच्या बोर्डाला सव्वा इंचाचा स्क्रू पुरतो. "जास्त मजबूत" म्हणून दोन इंची मारला, तर दुखणं वाढतं.

पायरी १: बोर्ड लागण्याआधीची फेरी

ही फेरी सगळ्यात मोलाची आणि बहुतेक लोक हीच चुकवतात. वायरिंग, पाइप आणि इन्सुलेशन झालेलं असतं, पण भिंती उघड्या असतात. करार करतानाच "प्री-ड्रायवॉल वॉक हवा" हे लिहून घ्या. जमलं तर त्या दिवशी स्वतंत्र होम इन्स्पेक्टर न्या.

बरोबर तीन वस्तू असाव्यात: ६ फुटी लेव्हल किंवा सरळ पट्टी, दोन पिनांचा ओलावा मोजणारा मीटर आणि मोजपट्टी. मीटर हार्डवेअरच्या दुकानात ३०-४० डॉलरला मिळतो.

मीटरच्या पिना प्रत्येक खोलीतल्या तीन-चार स्टडांमध्ये टोचून पाहा. बाहेरच्या भिंतींचे आणि खिडक्यांखालचे स्टड जरूर पाहा, कारण पाऊस तिथेच साचतो. आकडा १९ च्या वर असेल तर फोटो काढा आणि लाकूड वाळेपर्यंत बोर्ड लावू नका, असं त्याच दिवशी ईमेलने कळवा. १५ च्या खाली असेल तर पुढे पुटकुळ्या कमी होतील.

नंतर पट्टी तीन-चार स्टडांवर आडवी धरा. एखादा स्टड पुढे आलेला किंवा मागे गेलेला असेल, तर त्यावर बसलेला बोर्डही तसाच फुगणार. आत्ता तो स्टड बदलणं किंवा रंधून सारखा करणं सुताराचं अर्ध्या तासाचं काम आहे. रंग झाल्यावर तेच काम दोन दिवसांचं होतं आणि ते करायला कुणी तयार होत नाही. स्वयंपाकघरात कॅबिनेट बसणारी भिंत आणि टीव्हीची भिंत जास्त काळजीने तपासा.

पाइप किंवा वायर स्टडच्या कडेजवळून जात असेल तर तिथे पोलादी पत्रा ठोकलेला हवा. तो नसेल तर ड्रायवॉलचा स्क्रू सरळ पाइपात जाऊ शकतो. असं बारीक छिद्र स्क्रूनेच बुजलेलं राहतं आणि महिन्यांनी गळायला लागतं.

याच फेरीत आपल्या गरजा सांगा. देवघराची जड फळी, मोठा टीव्ही, जिन्याचा कठडा, न्हाणीघरातला वयस्कर माणसांसाठीचा आधाराचा दांडा, जिथे जिथे हे येणार तिथे दोन स्टडांमध्ये आडवं लाकूड घालून मागा. त्याला ब्लॉकिंग म्हणतात. मोजक्या डॉलरचं काम असतं. झोपाळ्याचं मात्र वेगळं आहे. छताच्या ट्रसचा (छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणी लाकडी चौकटीचा) खालचा दांडा हलत्या वजनासाठी बनवलेला नसतो. इंजिनिअरने लिहून दिल्याशिवाय तिथे कडी अडकवू नका. झोपाळा हवाच असेल तर जमिनीवर उभा राहणारा, स्वतःची चौकट असलेला घ्या.

शेवटी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, मोजपट्टी फोटोत दिसेल अशी धरून. खोलीचं नाव सांगत एक व्हिडिओही काढा. पुढची वीस वर्षं गणपतीच्या आराशीसाठी खिळा ठोकायचा असो की पाणी कुठून आलं ते शोधायचं असो, हे फोटो उपयोगी पडतात.

पायरी २: बोर्ड लागतात ते दोन-तीन दिवस

ड्रायवॉलची टोळी एक अख्खं घर दोन-तीन दिवसांत झाकते. कामाला मध्ये अडवू नका. संध्याकाळी ते गेल्यावर, साइट मॅनेजरला सांगून, फेरी मारा.

छत आधी पाहा. ट्रस २४ इंचांवर असतील तर अर्धा इंची साधा बोर्ड पुढे इन्सुलेशनच्या भाराने आणि ओल्या टेक्स्चरने (वर मारलेल्या खरबरीत थराने) खाली झोळ धरतो. तिथे ५/८ इंची किंवा खास न झुकणारा अर्धा इंची बोर्ड हवा. गॅरेजच्या वर राहती खोली असेल, तर गॅरेजच्या छताला ५/८ इंची 'टाइप एक्स' बोर्ड लागतो. हा आगीचा नियम आहे, त्यात सवलत नसते. जाडी बोर्डाच्या कडेच्या छापावर वाचता येते.

दारं-खिडक्यांचे कोपरे पाहा. बोर्डाचा सांधा बरोबर कोपऱ्याच्या रेषेत आलेला असेल, तर वर्षभरात तिथे तिरकी भेग जाणारच. चांगला कारागीर कोपऱ्याभोवती एल आकारात कापलेला अखंड बोर्ड लावतो. याचा फोटो काढून त्याच दिवशी बोला. टेप लागल्यावर हे दिसेनासं होतं. माझ्या बैठकीच्या खोलीतली ती केसासारखी रेघ अशाच सांध्यातून आली होती. त्या जागेचा बोर्ड लागतानाचा फोटो माझ्याकडे नव्हता.

स्क्रू मोजा. १६ इंचांच्या स्टडवर भिंतीला जास्तीत जास्त १६ इंचांवर आणि छताला १२ इंचांवर स्क्रू हवेत. डोकं कागदाच्या किंचित खाली, पण कागद न फाडता. कागद फाटून स्क्रू गाभ्यात घुसला असेल तर त्याची पकड गेलेली असते. तो मोजायचा नाही, बाजूला दुसरा मारायला सांगायचा. बोट फिरवलं तरी कळतं.

बोर्डाची खालची कड जमिनीपासून साधारण अर्धा इंच वर हवी. काँक्रीटला टेकलेला बोर्ड दिव्याच्या वातीसारखं पाणी वर ओढतो. शॉवरमध्ये टाइलच्या मागे हिरव्या कागदाचा बोर्ड दिसला तर काम थांबवा. तिथे सिमेंट बोर्ड किंवा त्याच तोलाचं पाणी सोसणारं साहित्य हवं.

हवामानाचाही विचार करा. मड लावताना आणि वाळताना घरात किमान ५० अंश फॅरनहाइट तापमान सतत हवं, तेही दोन दिवस आधीपासून. न्यू जर्सी किंवा इलिनॉयच्या हिवाळ्यात टोळ्या प्रोपेनचे उघडे हीटर लावतात. ते जळताना भरपूर वाफ सोडतात आणि ती वाफ बोर्डात आणि लाकडात मुरते. काचांवरून पाणी ओघळताना दिसलं तर खिडक्या किलकिल्या करून हवा खेळती ठेवा म्हणावं. टेक्ससच्या दमट उन्हाळ्यात एसी चालू नसताना उलट अडचण होते: वरचा थर वाळलेला दिसतो, आतला ओला असतो, त्यावर दुसरा हात बसतो आणि दोन महिन्यांनी सांध्यांच्या जागी खळगे पडतात.

पायरी ३: कुठल्या दर्जाचं फिनिश ठरलं आहे

ड्रायवॉलच्या फिनिशचे ० ते ५ असे दर्जे अमेरिकेतल्या व्यवसायाने ठरवलेले आहेत. घरांत बहुधा चौथा दर्जा देतात: टेप, त्यावर मडचे हात, सांधे आणि स्क्रू झाकलेले. पाचव्या दर्जात सगळ्या पृष्ठभागावर मडचा पातळ थर ओढतात. चौथ्या दर्जात बोर्डाचा कागद रंग वेगळा शोषतो आणि मड वेगळा, त्यामुळे आडव्या उजेडात सांध्यांचे पट्टे दिसू शकतात. पाचव्यात ते जवळजवळ जातात.

टेक्ससमध्ये भिंतींवर संत्र्याच्या सालीसारखं ऑरेंज पील किंवा चपटं केलेलं नॉकडाउन टेक्स्चर मारतात. ते बरंच काही झाकतं. गुळगुळीत भिंती हव्या असतील आणि मोठ्या खिडकीशेजारची लांब भिंत असेल, तर निदान त्या भिंतीला आणि त्या खोलीच्या छताला पाचवा दर्जा करारातच मागा. जास्तीचे पैसे लागतात, पण माझ्या मते स्वयंपाकघराच्या ओट्याचा दगड बदलण्यापेक्षा हे पैसे चांगले खर्ची पडतात. ते परवडत नसेल तर चकचकीत रंग टाळा. मॅट रंग उजेड पसरवतो आणि चूक मऊ करतो.

पायरी ४: क्लोजिंगआधीची निळ्या टेपची फेरी

क्लोजिंग म्हणजे कागदपत्रं होऊन घर आपल्या नावावर होतं तो दिवस. त्याआधीच्या फेरीला बिल्डर तुम्हाला भर दिवसा बोलावेल. तुम्ही संध्याकाळची वेळ मागा. नाहीच मिळाली तर खिडक्यांचे पडदे ओढून किंवा आतल्या खोल्यांचे दिवे बंद करून पाहा.

तगडी एलईडी टॉर्च भिंतीला जवळजवळ चिकटवून धरा, उजेड भिंतीवरून घसरत जाईल असा. भिंत एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत हळूहळू पाहा, मग छत. सांध्यांचे उंचवटे, टेपखालचे फुगे, घासताना पडलेले ओरखडे, राहून गेलेले स्क्रू, सगळं त्या उजेडात उभं राहतं. जिथे दिसेल तिथे निळी टेप लावा.

आता यातला महत्त्वाचा भाग. टॉर्चने दिसलेलं सगळं बिल्डर दुरुस्त करून देईलच असं नाही. नॅशनल असोसिएशन ऑफ होम बिल्डर्सच्या मार्गदर्शक तत्त्वांत मोजमाप असं आहे: नेहमीच्या उजेडात, ६ फुटांवरून सहज दिसला तो दोष. अनेक बिल्डरांच्या वॉरंटीत हीच भाषा असते. म्हणून टॉर्चने शोधा, मग दिवे लावून सहा फूट मागे या आणि तिथून दिसतं का ते बघा. दिसत असेल तर टेप राहू द्या. नसेल तर काढा, आणि मोबाईलमध्ये नोंद मात्र ठेवा. यामुळे तुमच्या यादीला वजन येतं. दीडशे टेपा लावलेलं घर पाहून टोळीतला रंगारी सगळ्यांवर नुसता ब्रश फिरवतो. चाळीस खऱ्या टेपा असतील तर त्या चाळीस नीट होतात.

भिंत हाताने दाबूनही पाहा. दोन स्टडांच्या मधला बोर्ड थोडा दबतो, ते ठीक. स्टडवर दाबल्यावर बोर्ड हलला तर तिथे स्क्रू कमी आहेत किंवा पकडीत नाहीत.

पायरी ५: पहिलं वर्ष, काय दिसलं तर काय समजायचं

नेल पॉप, सांध्यांवरच्या केसासारख्या रेघा, भिंतीच्या बाहेरच्या कोपऱ्यावर कॉर्नर बीडच्या (कोपऱ्यावर बसवलेल्या पट्टीच्या) कडेने जाणारी बारीक चीर, यातलं बरंचसं लाकूड वाळण्याचं आहे. दुमजली घरात जिन्याच्या उंच भिंतीवर, दोन मजल्यांच्या मधोमध एक आडवी रेघ किंवा वळी दिसते. मजल्याची आडवी लाकडं रुंदीला आटतात आणि वरची भिंत किंचित खाली येते, म्हणून ती पडते. दिसायला भीतीदायक असते, पण सहसा निरुपद्रवी.

थंड प्रदेशात आणखी एक प्रकार असतो. हिवाळ्यात मधल्या भिंतीच्या आणि छताच्या कोपऱ्यात फट पडते आणि उन्हाळ्यात मिटते. ट्रसचा खालचा दांडा इन्सुलेशनखाली ऊबेत आणि वरचे थंडीत, त्यामुळे ट्रस कमानीसारखा वर उचलला जातो. अशी फट मडने कितीही भरा, पुढच्या जानेवारीत परत येते. खरा उपाय बोर्ड लावताना करायचा असतो: छताचा बोर्ड भिंतीलगत फूट-दीड फूट ट्रसला न ठोकता कोपऱ्यात भिंतीच्या लाकडालाच धरून ठेवायचा. म्हणजे ट्रस उचलला तरी बोर्ड वाकतो, फाटत नाही. नंतर करायचं झालं तर छताला जोडलेली सजावटीची पट्टी कोपऱ्यात बसवतात. ती छताबरोबर वरखाली होते आणि फट झाकलेली राहते.

भेग दिसली की घाबरण्याआधी मोजा. दोन्ही टोकांना पेन्सिलने बारीक खूण करून तारीख लिहा. रुंदीसाठी एक सेंटचं नाणं, पेनी, वापरा. त्याची जाडी दीड मिलिमीटरच्या जरा वर, म्हणजे जवळजवळ १/१६ इंच. होम बिल्डर्सच्या त्याच तत्त्वांत ड्रायवॉलच्या भेगेची मर्यादा १/१६ इंच आहे. पेनी भेगेत शिरत असेल तर ती दुरुस्तीला पात्र आहे, हे तुम्हाला फोटोनिशी दाखवता येतं.

डॅलस, ऑस्टिन, सॅन अँटोनियोच्या पट्ट्यात आपल्या काळ्या रानासारखी चिकण माती आहे. ती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. घर तिच्यावरच्या काँक्रीटच्या स्लॅबवर बसलेलं असतं. इथे ड्रायवॉलची भेग पाया हलल्याची पहिली खूण असू शकते. लाकूड वाळण्याची भेग बारीक राहते आणि थांबते. पायाची भेग तिरकी असते, एका टोकाला रुंद, आणि वाढत जाते. पुन्हा भरली तरी त्याच जागी उघडते. बरोबरीने दारं अडकायला लागतात, दाराच्या वरची फट एका बाजूला निमुळती होते, बाहेरच्या विटांमध्ये पायरीसारखी चीर दिसते. यातल्या दोन-तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर अकराव्या महिन्याची (पायरी ६) वाट पाहू नका. बिल्डरला लेखी कळवा आणि स्वतंत्र स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. पाया दुरुस्त करून विकणाऱ्या कंपनीची "मोफत तपासणी" हा त्याला पर्याय नाही. इंजिनिअरचे काहीशे डॉलर जातील, पण त्याचा कागद पुढे सगळीकडे चालतो.

पाणी दिसलं तर त्याच दिवशी

पिवळसर-तपकिरी डाग, फुगलेला रंग, भिंतीच्या खालच्या कडेला मऊपणा, कपाटात कोंदट वास. यांना थांबायला वेळ नाही. ओला बोर्ड २४ ते ४८ तासांत वाळवला नाही तर बुरशी धरण्याची शक्यता असते. ओलावा-मीटर जिप्समच्या मापावर लावा. कोरडा बोर्ड १ टक्क्याच्या आत असतो. शेजारच्या चांगल्या भिंतीशी तुलना करा, म्हणजे मीटरवर कुणी शंका घेणार नाही.

बिल्डरचा माणूस डाग झाकणारा प्रायमर घेऊन आला तर नम्रपणे अडवा. आधी पाणी कुठून आलं ते सापडलं पाहिजे, मग ओला बोर्ड ओलीच्या रेषेच्या वर फूटभर कापून काढला पाहिजे, मागचं लाकूड मीटरने कोरडं ठरलं पाहिजे, आणि मगच नवा बोर्ड. लिहून मागा: "गळतीचं कारण, दुरुस्तीची तारीख, बोर्ड बसवताना लाकडाचा ओलावा." माझ्या एका मैत्रिणीच्या वरच्या न्हाणीघराखाली चार महिन्यांत तीनदा डाग रंगवला गेला. चौथ्यांदा तिने बोर्ड कापायला लावला, तेव्हा आत पाइपच्या शेजारी स्क्रूचं टोक चमकत होतं.

जरा जुनं, 'नव्यासारखं' घर घेत असाल तर

बोर्डच खराब निघाला, अशी एक मोठी घटना अमेरिकेत झाली आहे. २००४-०५ च्या चक्रीवादळांनंतर आणि घरबांधणीच्या लाटेत बोर्ड अपुरा पडला आणि चीनमधून आयात वाढली. त्यातल्या काही मालातून गंधकाचे वायू निघत होते. कुजक्या अंड्यांचा वास, काळ्या पडलेल्या तांब्याच्या तारा, वारंवार बिघडणारी एसीची कॉइल. फ्लोरिडा आणि लुइझियानात सर्वाधिक तक्रारी आल्या. बोर्ड २००१ ते २००९ या काळात लागलेला असेल, तर विजेच्या एखाद्या सॉकेटची झाकणी काढून उघडी तांब्याची तार पाहायला इन्स्पेक्टरला सांगा. विटकरी-तपकिरी असेल तर ठीक, काजळीसारखी काळी असेल तर ते घर घेण्याआधी पूर्ण तपासणी. पुढे कायदा झाला आणि बोर्डातल्या मुक्त गंधकावर दशलक्षात १० भाग अशी मर्यादा आली, त्यामुळे आजच्या नव्या घरात ही भीती बाळगायचं कारण नाही. नव्या घराला येतो तो वास बहुधा रंगाचा, गालिच्याचा आणि कॅबिनेटचा असतो.

पायरी ६: अकराव्या महिन्याचं पत्र

बहुतेक बिल्डरांची वॉरंटी तीन टप्प्यांची असते: कारागिरीला १ वर्ष, प्लंबिंग-वीज-एसीला २ वर्षं, मूळ ढाच्याला १० वर्षं. ड्रायवॉल पहिल्या वर्षात मोडते. बहुतेक वॉरंटीत ड्रायवॉलची दुरुस्ती वर्षात एकदाच, असं कलम असतं. म्हणून तिसऱ्या महिन्यात चार पुटकुळ्या दिसल्या की बोलावू नका. घराला एक पूर्ण उन्हाळा आणि एक पूर्ण हिवाळा जाऊ द्या. लाकूड जेवढं आटायचं तेवढं बरंचसं आटून जाईल, मग एकदाच सगळं करून घ्या. आमचं छत आम्ही मे महिन्यात करून घेतलं. डिसेंबरातल्या आठ पुटकुळ्यांच्या तोवर एकोणीस झाल्या होत्या आणि सगळ्या एकाच खेपेत निघाल्या.

दहा महिने झाले की पायरी ४ ची टॉर्चची फेरी पुन्हा मारा. पत्र खोलीवार लिहा, प्रत्येक दोषाला क्रमांक द्या. उदाहरणार्थ: "७. मोठी बेडरूम, पूर्वेची भिंत, दाराच्या उजव्या वरच्या कोपऱ्यातून तिरकी भेग, लांबी १४ इंच, रुंदी पेनीएवढी, पहिल्यांदा दिसली ९ जानेवारी, फोटो ७-अ आणि ७-ब." बिल्डरच्या पोर्टलवर टाका आणि त्याचीच प्रत ईमेलने पाठवा. मुदत संपायच्या किमान तीन आठवडे आधी. वाद वाढण्याची चिन्हं असतील तर सर्टिफाइड मेलने, पोचपावतीसह पाठवा. टेक्ससमध्ये दावा लावायचा झाला तर त्याआधी किमान ६० दिवस अशी लेखी सूचना द्यावीच लागते.

दुरुस्तीला माणूस आला की रंगाचा आग्रह धरा. ठिपका-ठिपका रंगवलेली भिंत नव्या रंगाच्या चमकेने कायमची उठून दिसते. "कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंत" हे आधीच ईमेलमध्ये मान्य करून घ्या.

पायरी ७: पुढे एखादी पुटकुळी स्वतः काढायची झाली तर

वॉरंटी संपल्यावर दोन-चार तरी येतातच. हे काम घरच्या घरी होतं.

वर आलेल्या स्क्रूच्या वर आणि खाली साधारण दोन इंचांवर, त्याच स्टडमध्ये, सव्वा इंची खरबरीत आट्यांचे ड्रायवॉल स्क्रू मारा. मारताना डाव्या तळहाताने बोर्ड स्टडवर घट्ट दाबून धरा. सगळं काम या दाबण्यावर आहे, कारण मधली फट मिटल्याशिवाय पुटकुळी बसत नाही. मग जुना स्क्रू काढून टाका. खिळा असेल तर आत ठोका. सुटलेला मड आणि कागदाचे तुकडे पात्याने कापून घ्या, ओढू नका, नाहीतर कागद सालीसारखा लांब निघत जातो.

सहा इंची पात्याने मडचा पातळ हात द्या. पूर्ण पांढरा होईपर्यंत वाळू द्या, करडा ठिपका दिसतो तोवर तो ओला आहे. दुसरा हात थोडा जास्त पसरून, लागला तर तिसराही. घासण्यासाठी १५० नंबरचा कागद, किंवा ओला स्पंज. स्पंजाने धूळ उडत नाही. कोरडं घासत असाल तर एन-९५ मास्क लावा आणि त्या खोलीतला एसी बंद ठेवा, कारण ती धूळ डक्टमधून घरभर जाते. टेक्स्चर असेल तर फवाऱ्याचा डबा मिळतो. आधी पुठ्ठ्यावर दोन-तीनदा मारून दाणा जुळवा, मग भिंतीवर मारा. त्यावर प्रायमर, मग रंग.

रंगाचं नाव, क्रमांक आणि चमकेचा प्रकार बिल्डरकडून क्लोजिंगच्या दिवशीच लिहून घ्या आणि प्रत्येक रंगाचा एक डबा मागून घ्या. झाकणावर मार्करने खोलीचं नाव घाला. डबे गॅरेजमध्ये ठेवू नका. टेक्ससच्या ऑगस्टमध्ये रंग तिथे फाटतो आणि शिकागोच्या जानेवारीत गोठतो. आमचे डबे जिन्याखालच्या कपाटात आहेत, उलटे ठेवलेले, म्हणजे झाकणाच्या कडेने हवा शिरत नाही.